‘नो मेंटेनन्स’ म्हणून विकलेली टाकी

इंदिरानगरमधील आमच्या घरी माशांची टाकी असावी, असा मुलीचा हट्ट दोन वर्षे चालला होता. माझी अट एवढीच होती की टाकीची फारशी देखभाल करावी लागू नये आणि आत प्लास्टिकची नव्हे, तर खरी झाडे असावीत. ही अट मी दुकानात पाऊल टाकताच बोलून दाखवली आणि मला फसवण्यासाठी लागणारी सगळी माहिती अशा रीतीने मीच पुरवली.

मध्यवस्तीतील त्या दुकानदाराने ‘नो मेंटेनन्स पॅकेज’ म्हणून ८,५०० रुपयांना १०० लिटरची टाकी, फिल्टर, दिवा, रंगीत खडी, चार प्रकारच्या झाडांच्या जुड्या आणि सहा गोल्डफिश दिले. “सर, वर्षभर हात लावायची गरज नाही,” असे त्याने दोनदा सांगितले. पक्के बिल मागताच जीएसटी वेगळा पडेल म्हणाला, आणि दीड हजार वाचल्याच्या समाधानात मी आकडा लिहिलेली चिठ्ठी खिशात घातली. टाकी भरताना १५ लिटरच्या तीन बादल्या पुरल्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तरी ५६-५७ लिटरच पाणी मावते, हा हिशेब पैसे देण्यापूर्वी करायला हवा होता.

मासे त्याच संध्याकाळी सोडा, असेही त्यानेच सांगितले होते. विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून माशांना घातक असा अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू फिल्टरमध्ये स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात, हे मला ठाऊक नव्हते, पण रोज मासे विकणाऱ्याला ठाऊक नसेल असे मी मानत नाही. पाचव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. दुकानदाराने आमच्या भागातील पाण्याला दोष देऊन ३५० रुपयांची निळ्या औषधाची बाटली हाती ठेवली. ते मिथिलीन ब्लू होते. बुरशीवर त्याचा उपयोग होतो. अमोनियावर मात्र होत नाही, उलट ते याच उपयोगी जीवाणूंना मारते आणि झाडांनाही अपाय करते. दहा दिवसांत चार मासे गेले.

झाडांचा उलगडा व्हायला तीन आठवडे लागले. जांभळ्या पानांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक झाल्या, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या झाडाचे खोड बोटाने दाबताच लगदा झाले आणि पाण्याला शिळ्या फुलदाणीचा वास येऊ लागला. एक फांदी पिशवीत घालून मी गंगापूर रोडवरील नर्सरीत गेलो. तेथील माळीकाकांनी ती नाकाशी नेली, तोंड वाकडे केले आणि समोरच्या वाफ्याकडे बोट दाखवले. माझे ‘जलवनस्पती’ म्हणून घेतलेले जांभळ्या पानांचे झाड, म्हणजे हेमिग्राफिस, तेथे ३० रुपयांच्या कुंडीत उन्हात डोलत होते. शेजारी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, लकी बांबूच्या जातकुळीतला ड्रॅसिना आणि बागेच्या कडेला लावतात ते मोंडो गवतही होते. ही जमिनीवरची झाडे आहेत. लकी बांबूची मुळे पाण्यात चालतात, म्हणून अख्खे झाड बुडवले तरी चालते असे नाही. बुडवल्यावर ही झाडे काही आठवडे हिरवी दिसतात आणि मग कुजून पाणी नासवतात.

जाब विचारायला दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याच्या वेळीच पोहोचलो. आतला मुलगा शोच्या टाकीतून काळ्या पडलेल्या जुड्या उपसून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या ताज्या जुड्या खोचत होता. त्या टाकीतली झाडे कायम टवटवीत का असतात, हे मला कुणी निराळे सांगण्याची गरज उरली नाही. मालकाने मात्र चिठ्ठी उलटसुलट पाहून “यावर आमच्या दुकानाचं नाव कुठं आहे?” असे विचारले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक माझ्याजवळ होता, पण खरेदीचा पुरावा त्या बिनशिक्क्याच्या कागदापलीकडे काहीच नव्हता.

झाड विकत घेताना ते पाण्याबाहेर धरून पाहावे. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला यांसारख्या खऱ्या पाणवनस्पती हवेत ओल्या चिंधीसारख्या लोंबतात, तर ताठ उभे राहणारे झाड बहुधा कुंडीतले असते. अनुबियास आणि जावा फर्न या झाडांची पाने जाड आणि ताठ असूनही ती पाण्यात उत्तम जगतात, एवढा अपवाद लक्षात ठेवावा. कमी उजेडात, खताच्या लाडाशिवाय टिकणारी म्हणून नवख्याने खरे तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. मात्र त्यांचे आडवे खोड खडीत पुरू नये, पुरल्यास ते कुजते.

आता आमच्या टाकीत दोऱ्याने दगडाला बांधलेली दोन अनुबियास आणि मागे व्हॅलिस्नेरियाची रांग आहे. मासे न सोडता फिल्टर सहा आठवडे चालवला, रोज चिमूटभर खाद्य टाकून जीवाणूंना पोसले, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची चाचणी घेतली आणि मगच पाच गप्पी आणले. उरलेले दोन गोल्डफिश इतक्या छोट्या टाकीत वाढण्यासारखे नव्हतेच; ते मेहुण्यांच्या बंगल्यातील हौदात सोडले आहेत. दर रविवारी मी आणि मुलगी मिळून एक बादली पाणी बदलतो, त्याला वीस मिनिटे लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवणारे थेंब बादलीत टाकण्याचे काम तिचे आहे, आणि ते ती मोठ्याने मोजून टाकते.