सराफ बाजारातल्या लेझरवर डबल स्लिट : पाचपैकी साडेतीन

कॉलेजच्या फिजिक्स लॅबला डबल स्लिट, म्हणजे प्रकाशाचे पट्टे पाडणाऱ्या दोन बारीक समांतर फटी, हवी होती. लॅबची उपकरणं बनवणाऱ्या अंबाल्याहून मागवायची तर कोटेशन, मंजुरी, कुरिअर यातच सेमिस्टर निघून जातं. म्हणून जळगावच्या सराफ बाजाराजवळ अंगठ्या-पेंडंटवर नावं कोरून देणाऱ्या लेझरवाल्याकडे गेलो. मशीन 1064 नॅनोमीटरचं फायबर लेझर. दागिन्यांवरचा सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) ज्या जातीच्या मशीनवर उमटतो, त्यातलंच.

ड्रॉइंग पाहून पोऱ्या म्हणाला, "सर, हाई काय शे? दोनच रेघा?" दोनच. रुंदी 0.05 मिमी, एका रेघेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत अंतर 0.25.

आधी स्टीलच्या पातळ पत्र्यावर केलं. पत्रा तापून वाकला, मागच्या बाजूला वितळलेल्या धातूचे कण चिकटले. मग साध्या आरशाच्या मागचा रंग आणि चांदीचा थर उडवायला सांगितला. पॉवर कमी, वेग जास्त, तीन-चार हात. थर इतका पातळ की उष्णता पसरायच्या आत उडून जातो. कडा बऱ्याच साफ आल्या.

लॅबमध्ये 650 नॅनोमीटरचा लाल लेझर लावून 2 मीटरवरच्या भिंतीवर पट्टे पाडले. दोन पट्ट्यांतलं अंतर हिशोबाने 5.2 मिमी, पट्टीवरही तेवढंच. म्हणजे मशीनमधले बीम फिरवणारे आरसे अगदी चोख. रुंदीत मात्र मार खाल्ला. मागणीप्रमाणे (0.25 भागिले 0.05) पाचवा पट्टा गायब व्हायला हवा होता, इथे तिसराच गायब. म्हणजे फट साधारण 0.083 मिमी. बीमचा ठिपकाच जाड, त्यात कडेचा थर थोडा जास्त उडतो. पोऱ्याचा दोष नाही. पोरांना मात्र हा गायब पट्टा शोधायला फार आवडला, छापील जर्नलमध्ये नसलेलं काहीतरी!

ग्रेटिंग, म्हणजे खूप जवळजवळ रेघा असलेली पट्टी, मागायला जाऊ नका. 600 रेघा प्रति मिमी म्हणजे रेघेला दीड-पावणेदोन मायक्रॉन जागा, हे त्या मशीनच्या आवाक्याबाहेरचं.

भाव दागिन्यावर नाव कोरण्याइतकाच, पण बिल दोनदा मागावं लागलं. तपासायला सराफी भिंगाशिवाय काही नाही. आणि लेझरपासून डोळे वाचवणाऱ्या चष्म्याशिवाय काम चालतं, हे मला अजिबात पटलं नाही. 1064 डोळ्याला दिसत नाही, पण पडदा जाळतं. तसला आपला चष्मा घेऊन जा, आरसा जास्तीचा न्या, आणि आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधीच्या गर्दीत तर फिरकूच नका.