मालवणात जेवण, तारकर्लीत मुक्काम: रात्री परतायचं कसं?

आमच्याकडे तारकर्लीला उतरलेले पाहुणे शनिवारी संध्याकाळी हमखास विचारतात, "काका, मालवणात जेवायला चाललोय, दोन-दोन पेग होतील. गाडी नेऊ की रिक्षा करू?" अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटर, म्हणून तर प्रश्न पडतो. पन्नास असतं तर कुणी विचारलंच नसतं.

स्वतःची गाडी सगळ्यांना स्वस्त वाटते. "काका, सावकाश येऊ ना." पण दारू आधी चढते ती अंदाजावर, आपण सावकाश आहोत की नाही हे सांगणारा डोक्यातला माणूसच पहिला आडवा होतो. आमचा रस्ता अरुंद, कडेला जांभ्याचे गडगे आणि माड, समोरून अप्पर मारत येणारी टुरिस्ट गाडी. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला 17 मीटरच्या आसपास जाते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद उशीर झाला, की आठ मीटर गेले. रस्त्यात बसलेलं काळं म्हशीचं धूड नेमकं त्या आठ मीटरांत असतं.

कायद्याची मर्यादा 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. 650 मिलीची एक साधी बिअर पटकन संपवली, तरी 70 किलोचा माणूस बहुधा या मर्यादेच्या वर जातो. पहिल्यांदा सापडलात तर 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा 15,000 रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय पिऊन गाडी ठोकली तर विमा कंपनी गाडीच्या दुरुस्तीचा खर्च नाकारू शकते. स्वस्ताचा हिशेब इथे संपला.

भाड्याची स्कूटर? वळणावर रस्त्यावर वाळू आलेली असते, शुद्धीतली माणसंसुद्धा घसरतात. पुढे बोलत नाही.

"सगळ्यांत कमी प्यायलेला चालवेल" हा पर्याय मला स्वतः चालवण्याहून वाईट वाटतो, कारण त्यात काहीतरी शहाणपण केल्याचा भास होतो. कमी म्हणजे किती, हे मोजणारेही प्यायलेलेच. आणि पिऊन चालवायला भरीस घालणाऱ्यालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम 188 खाली तीच शिक्षा आहे.

अजिबात न पिणारा एकजण असेल तर उत्तम. कुटुंब असेल तेव्हा हेच जमतं. मित्रांच्या टोळक्यात मात्र सोलकढीवर बसलेला हा गडी दहा वाजता "एकच बिअर" म्हणतो. त्याने शब्द पाळला नाही तर काय, हे आधीच ठरवून ठेवा.

रिक्षा दोन्ही वेळची मिळून महाग पडते, रात्री भाडंही चढतं. पण आकडा जायच्या आधी कळतो. अडचण एकच: उशिरा बाजारात रिक्षा मिळेलच असं नाही. आमचा नेहमीचा रिक्षावाला म्हणतो, "आधीच सांगान ठेवा, मगे येतंय." संध्याकाळी फोन करा, परतीची वेळ ठरवा, नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. एकाचा फोन हमखास बंद पडतो.

माझं मत विचाराल तर थाळ्या दिवसाउजेडी बांधून आणा आणि प्यायचं ते मुक्कामी बसून प्या, यजमानाला चालत असेल तर. सुरमई थोडी गार होईल. मला चालते.

मुक्कामी बसून प्यायल्यावरही एक गोष्ट उरते, तिच्याबद्दल कुणी विचारतच नाही: सकाळ. शरीर दर 100 मिलीलीटर रक्तामागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅमच्या हिशेबाने अल्कोहोल उतरवतं. लिंबू, कॉफी, समुद्रात डुबकी, कशानेही हा वेग वाढत नाही. नऊ ते बारा पाच लार्ज (60 मिलीचे पेग) घेतलेल्या 70 किलोच्या माणसाच्या रक्तात सकाळी सहाला ढोबळमानाने 75 मिलिग्रॅम उरतात. नऊला कुठे तो 30 वर येतो, तिथेही तो मर्यादेच्या काठावरच. पुण्याकडचे पाहुणे नेमके पहाटे निघतात, "ट्रॅफिक लागायच्या आत घाट चढू" म्हणत. झोप झालेली असते, आंघोळ झालेली असते, म्हणून उतरली असं वाटतं.

अशांना मी आंबोळ्या नऊनंतरच वाढतो. आणि गाडी दुपारी काढा म्हणतो.