पहिली भाजीबाग कुठे करायची: बाल्कनी, गच्ची, सोसायटीची मागची पट्टी की मुरबाडचे पाच गुंठे?

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारलाय. घरची भाजी लावायचीय, एखादं फळझाड पण हवंय, आजवर तुळस सोडून काही लावलेलं नाही, तर सुरुवात कुठे करू? एकजण ठाण्यात ढोकाळीला चौदाव्या मजल्यावर राहतो, एक ताई नवी मुंबईत नेरूळच्या रो हाऊसमध्ये, आणि तिसऱ्याने ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडजवळ पाच गुंठे भाड्याने घ्यायचं जवळपास पक्कं केलंय. तिघांना तीन वेगळी उत्तरं द्यावी लागली, म्हणून म्हटलं एकदा सगळं शेजारी शेजारी ठेवून लिहूया. बाल्कनी मी पाच वर्षं केली, गच्ची तीन वर्षं, आता सोसायटीच्या मागे कंपाउंडला लागून दोन वाफे आहेत, आणि भावोजींच्या मुरबाडच्या तुकड्यावर चार सीझन राबलेय.

माझं मत आधीच सांगते. पहिल्या वर्षी जागा किती मोठी आहे हे बघूच नका, रोज सकाळी चहा घेऊन तिथे उभं राहता येतं का एवढं बघा. भाजीची सगळी दुखणी एका-दोन दिवसांची असतात हो. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, आज चार पानांवर दिसला तर बोटाने पुसून निघतो, शनिवारपर्यंत थांबलात तर अख्खं चवळीचं वेल चिकट झालेलं असतं. भेंडी दोन दिवस जास्त राहिली की जून. एप्रिलमध्ये ग्रो बॅगला, म्हणजे रोपं लावायच्या जाड पिशवीला, एक दिवस पाणी चुकलं की रोप मान टाकतं.

म्हणूनच मुरबाड, शहापूर, कर्जतकडचा तुकडा मी पहिल्या वर्षासाठी नको म्हणते, आणि हे ऐकून लोक जरा नाराज होतात कारण स्वप्न तेच असतं. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, पाच गुंठे म्हणजे साडेपाच हजाराच्या आसपास, आणि एकट्या नवख्या माणसाला पन्नास चौरस फुटांतलं तण उपटतानाच पावसाळ्यात कंबर धरावी लागते. त्यात रविवारी ठाण्याहून कल्याणमार्गे जायला लागणारा वेळ, फेब्रुवारीनंतर खाली जाणारी विहीर, कुंपणाचा खर्च, माकडं, रानडुक्करं. आमच्याकडे पहिल्या वर्षी टोमॅटो पिकले ते आम्ही नसलेल्या पाच दिवसांत, शनिवारी गेलो तेव्हा अर्धे माकडांनी खाल्लेले आणि अर्धे झाडावरच सडलेले. नंतर आम्ही तिथे फक्त आठवड्यातून एकदा गेलं तरी रागावत नाहीत अशी पिकं ठेवली, हळद, सुरण, तूर, शेवगा, आणि बांधाला आंबा. मे-जूनमध्ये हळद लावायची आणि पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत काढायची, मध्ये तण काढणं आणि बुंध्याशी मातीची भर घालणं, एवढंच. हे छान होतं, पण रोजची भाजी होत नाही. आणि कोणी "विकतच घ्या" म्हणत असेल तर एक लक्षात ठेवा, महाराष्ट्रात 1948 च्या कूळ कायद्यानुसार शेतजमीन विकत घ्यायला साधारणपणे तुम्ही आधी शेतकरी असावं लागतं, त्यामुळे सातबारा बघितल्याशिवाय आणि वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. भाड्याने घेत असाल तरी कागद करा.

आता घराजवळचे तीन पर्याय. इथे निर्णय उन्हावर होतो, बाकी सगळं नंतर. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, सगळे वेल, म्हणजे ज्यांचं फळ आपण खातो त्यांना रोज सहा तास थेट ऊन पाहिजे. पालक, लाल माठ, मेथी, कोथिंबीर, पुदिना तीन-चार तासांत भागवतात. अळू आणि मायाळू त्याहून कमीतही येतात. बाल्कनीचं ऊन वर्षभर सारखं नसतं हे मला दोन वर्षांनी कळलं. आपण साधारण 19 अंश उत्तरेला राहतो, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन जवळपास येतच नाही. तीच बाल्कनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी एकदम सोनं, ऊन आत हॉलपर्यंत येतं. पूर्वेची बाल्कनी वर्षभर सकाळचे तीनेक तास देते, पालेभाजीला उत्तम. पश्चिमेची दुपारी भाजते पण मिरची तिथे मस्त होते. उत्तरेच्या बाल्कनीत फळभाजीचा हट्ट धरू नका, खरंच. आणि समोर टॉवर असेल तर दिशा विसरा, एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला फोनवर फोटो काढा, संध्याकाळी मोजा.

गच्चीला उन्हाची कमी नाही. तिथे प्रश्न वजनाचा आणि पाण्याच्या गळतीचा. पंधरा बाय पंधरा इंचाच्या ग्रो बॅगेत चाळीसेक लिटर मिश्रण बसतं आणि ते ओलं झालं की 45 ते 50 किलो होतं. लोकांच्या वावरासाठी ठेवलेल्या गच्चीला भारतीय मानकात जादा भार साधारण 150 किलो प्रति चौरस मीटर धरतात, म्हणजे एका चौरस मीटरला तीन बॅगा झाल्या की हिशोब संपला. वीस बॅगा म्हणजे एक टन. त्यामुळे बॅगा मध्ये गठ्ठ्याने ठेवायच्या नाहीत, खाली जिथे बीम आणि कॉलम आहेत त्या रेषेवर, कडेने, सुट्या सुट्या ठेवायच्या, आणि बिल्डिंग तीस-चाळीस वर्षं जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय एकही बॅग चढवू नका. गच्ची सगळ्यांची असते, कमिटीची लेखी परवानगी घ्या. आम्ही तोंडी "हो" वर सुरू केलं होतं, दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरात ओल आली, ती बागेमुळे आली की आधीच होती हे शेवटपर्यंत कळलं नाही पण बाग आम्हाला उतरवावी लागली, भर जुलैमध्ये, दुधीला पहिली फळं लागलेली असताना. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, बॅगा विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, खालून हवा आणि पाणी वाहायला जागा राहू दे, आणि सुरुवातीला गच्चीचे फोटो काढून कमिटीला द्या.

माती विकत घेताना फसायला होतं ते इथेच. नुसती लाल माती भरली की पावसात ती दाबून विटेसारखी होते, मुळांना हवाच मिळत नाही. मी साधारण दोन भाग लाल माती, दोन भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि दर बॅगेला दोन मुठी निंबोळी पेंड असं घेते. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार नाही, रोपाची मुळं जाळतं, दोन महिने बाजूला ठेवा.

आणि आता माझी सगळ्यात आवडती जागा, सोसायटीच्या मागची पट्टी किंवा रो हाऊसचं अंगण. जमिनीला वजनाचा प्रश्न नाही, गळतीचा नाही, एप्रिलमध्ये एक दिवस पाणी चुकलं तरी खालची ओल सांभाळून घेते, आणि गांडुळं फुकट येतात. चार फूट बाय आठ फुटांचा एक वाफा घ्या, त्याहून रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. पण आपल्याकडे ही जमीन बहुतेक वेळा जमीन नसतेच, भराव असतो. नवी मुंबईतले कितीतरी सेक्टर खाडीलगतच्या सखल खार जमिनीवर भराव टाकून उभे राहिलेत, ठाण्यात नव्या कॉम्प्लेक्सच्या मागे डेब्रिज पुरलेलं असतं. कुदळीने फूटभर खोदून बघा. विटा, टाईल, सिमेंटचे गोळे निघाले तर वरून दहा-बारा इंच उंच वाफा करून नवीन माती भरायची. खोदलेल्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, जिरलं की परत एक ओता, ही दुसरी बादली चार-पाच तासांनीही तशीच उभी असेल तर पावसाळ्यात तिथे पपई जगणार नाही. खारेपणा बघायला मी त्या मातीत मूठभर मूग पेरते, शेजारी एका कुंडीत चांगल्या मातीत पण तेवढेच. दोन आठवड्यांत जमिनीतले मूग खुरटले, पानांच्या कडा जळल्या आणि कुंडीतले टवटवीत असतील तर समजायचं, उंच वाफाच हवा. पक्कं हवं असेल तर माती परीक्षण करून घ्या.

जमिनीवर शत्रू जास्त, हेही खरं. घूस एका रात्रीत रताळ्याचा वाफा उकरते. पावसाळ्यात त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी, रात्री टॉर्च घेऊन हातमोजे घालून गोळा कराव्या लागतात, पहिल्या पंधरा दिवसांत नेटाने केलं तर पुढे कमी होतात. ठाण्यात येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना माकडं. चौदाव्या मजल्यावर यातलं काही नाही, पण तिथे वारा कोवळी रोपं मोडतो आणि मधमाश्या फारशा पोचत नाहीत, वेलावर फुलं येतात आणि बोटाएवढी फळं पिवळी पडून गळतात. तेव्हा नर फूल तोडून मादी फुलाला हाताने लावायचं. भोपळ्याचं सकाळी लवकर, दुधी आणि दोडक्याचं संध्याकाळी, कारण ती फुलं तेव्हाच उमलतात.

पाण्याबद्दल एकच. घोडबंदरच्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये बागेच्या नळाला बहुतेक एसटीपीचं, म्हणजे प्रक्रिया केलेलं सांडपाणी असतं. फळझाडाच्या बुंध्याशी ते ठीक आहे, कोथिंबीर-पुदिन्यावर अजिबात मारू नका. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढूनच टाका, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

फळांचं म्हणाल तर तफावत खूप मोठी आहे. बाल्कनीत फळझाड नको, सहा तास ऊन असेल तर फार तर एक कलमी लिंबू. कलमीच, आणि कलमाचा जोड डोळ्यांनी बघून घ्या, मला एका नर्सरीने कलमी म्हणून बियांचं रोप दिलं आणि मी चार वर्षं नुसती पानं बघितली. गच्चीवर अर्धा कापलेला ड्रम घेतला तर लिंबू, अंजीर, आणि सरदार पेरू, म्हणजे आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीतून निवडलेला लखनौ 49, दोन-तीन वर्षांत फळ देतो. आंबाच हवा असेल तर आम्रपाली, दशहरी आणि नीलमच्या संकरातून दिल्लीला काढलेली, झाड बुटकं राहतं. हापूस ड्रममध्ये नको. जमिनीत मात्र पपई लावा, नऊ-दहा महिन्यांत फळ हातात येतं आणि नवख्या माणसाला एवढ्या लवकर मिळालेलं फळ पुढची पाच वर्षं बागेत टिकवून ठेवतं. रेड लेडी जात घेतली तर नर झाड निघण्याची भानगड जवळपास नसते. शेजारी एक केळ. शेवगा गाड्यांपासून लांब, पावसाळी वाऱ्यात फांद्या काडकन मोडतात. स्ट्रॉबेरी आणि सफरचंदाची रोपं डिसेंबरमध्ये नर्सऱ्यांत दिसतात, ती तिथेच राहू द्या.

सुरुवात कधी, तर गणपती गेले की तयारीला लागा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पेरा. जूनमध्ये सगळ्यांना उत्साह येतो पण ठाण्याचा पाऊस साधारण अडीच हजार मिलिमीटर आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, त्यात टोमॅटो-मिरचीची रोपं मरतात, बुंध्याशी कुजून. पावसाळा दोडका, काकडी, पडवळ, अळू यांचा, तो दुसऱ्या वर्षी मांडव घालून करा. ऑक्टोबरला मेथी पेरली की महिन्याभरात जुडी निघते, मुळा सव्वा-दीड महिन्यात, भेंडी पन्नासेक दिवसांत, टोमॅटो रोप लावल्यावर दोन-सव्वादोन महिन्यांत. पाचापेक्षा जास्त पिकं नकोत.

ढोकाळीवाल्याची बाल्कनी पूर्वेची आहे, त्याला सहा ट्रे घेऊन पालक, लाल माठ आणि पुदिना एवढंच सांगितलं, आणि दर पंधरा दिवसांनी एक ट्रे नव्याने पेरायला, म्हणजे सगळी भाजी एकदम येऊन संपत नाही. मुरबाडवाल्याला म्हटलं, कागद करायला एक वर्ष थांब, तोवर तुझ्या सोसायटीत वॉचमनच्या केबिनमागची जागा माग. नेरूळच्या ताईंच्या अंगणात कुदळ मारली तर आठ इंचांवर टाईलचे तुकडे लागले, म्हणून विटा रचून उंच वाफा केलाय, मातीचा टेम्पो शनिवारी येतोय. पपईची दोन रोपं माझ्याकडे तयार आहेत, ती त्यांना देणारे.