जीपीए जेमतेम, तरी लॉ स्कूलची स्कॉलरशिप हवी: हातातलं पत्र घ्यावं की वर्षभर थांबावं?

भाचीने मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि मग म्हणाली, वकील व्हायचंय. न्यू जर्सीतल्या आमच्या घरात दोन दिवस जेवणाच्या टेबलावर कुणी फारसं बोललं नाही. पुढे तिने अर्ज केले, आणि मार्चमध्ये बहिणीने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "दादा, तूच बघ बाई हे." जीपीए (कॉलेजच्या ग्रेडची 4 पैकी सरासरी) 3.12, एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) 159, आणि दोन लॉ स्कूलांची पत्रं.

आधी त्या 3.12 बद्दल. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर 3.18 होता. पण लॉ स्कूलांना लागतो तो एलसॅक या संस्थेने नव्याने मोजलेला आकडा, आणि त्यात पहिली पदवी मिळेपर्यंतचा प्रत्येक कॉलेज कोर्स धरतात. हायस्कूलमध्ये असताना हौसेने कम्युनिटी कॉलेजात केलेला कॅल्क्युलस, त्यातला सी ग्रेड, असा इतक्या वर्षांनी उगवला. नंतर मास्टर्स करून अगदी 4.0 मिळवला तरी तो या बेरजेत येत नाही. म्हणजे पदवी झाली की हा आकडा संपला. हलवता येणारा आकडा उरतो एकच, एलसॅटचा.

आता पत्रं. पहिल्यात पूर्ण फी माफ, पण दरवर्षी वर्गाच्या वरच्या एक तृतीयांशात राहायचं. दुसऱ्यात फीचे चाळीस टक्के माफ, पास होत राहण्यापलीकडे अट नाही. तिसरा पर्याय कागदावर नव्हता: दोन्ही सोडायची, वर्षभर नोकरी करायची, एलसॅट पुन्हा द्यायची.

बहिणीचा जीव पहिल्यात अडकला होता. पूर्ण फी म्हणजे पूर्ण फी! मी वही घेतली. समजा वर्गात 150 मुलं आहेत आणि त्यातल्या 75 जणांना हीच अट घातली आहे. वरच्या एक तृतीयांशात जागा 50. त्या पन्नासही जागा या 75 जणांनीच पटकावल्या तरी 25 जणांची स्कॉलरशिप जाणारच, मग त्यांनी रात्री कितीही जागवोत. लॉ स्कूलचं पहिलं वर्ष ठरलेल्या वक्रावर मोजलं जातं. तुम्ही किती लिहिलंत यापेक्षा शेजारच्याने किती लिहिलं याला महत्त्व. आणि शेजारी सगळे शाळेत पहिले आलेले. स्कॉलरशिप गेली की उरलेली दोन वर्षं पूर्ण फी, किंवा तोपर्यंतचं सगळं सोडून घरी.

हे अंदाजाने बोलायची गरज नसते. अमेरिकन बार असोसिएशनच्या 509 क्रमांकाच्या नियमानुसार प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला आपली माहिती दरवर्षी 15 डिसेंबरपर्यंत जाहीर करावी लागते. किती मुलांना अट घालून स्कॉलरशिप दिली आणि त्यातल्या किती जणांची कमी झाली किंवा गेली, हेही त्यात असतं. त्या दोन आकड्यांचा भागाकार केला की पत्राची खरी किंमत कळते. आमच्या पहिल्या पत्राची किंमत दुसऱ्यापेक्षा कमी निघाली. बहिणीला हे पटायला तीन कप चहा लागला. माझं मत विचाराल तर अट असलेली पूर्ण आणि बिनअटीची निम्मी यांत मी डोळे मिटून निम्मी घेईन, अपवाद फक्त अट नाममात्र असेल तेव्हा.

पण मग बिनअटीची चाळीस टक्के घेऊन मोकळं का होऊ नये? इथे लॉ स्कूलं पैसे कशासाठी देतात ते पाहायला हवं. गुणवत्तेच्या स्कॉलरशिपमागे कौतुकापेक्षा खरेदी जास्त असते. दरवर्षी त्यांना वर्गाचा मध्यक, म्हणजे बरोबर मधल्या मुलाचा आकडा, जाहीर करावा लागतो, एलसॅटचा आणि जीपीएचा, आणि रँकिंगचं लक्ष त्याच्यावर असतं. (2023 पासून रँकिंग काढणाऱ्या यूएस न्यूजने या दोन्हींचं वजन बरंच घटवलं, तरी लॉ स्कूलांची सवय गेलेली दिसत नाही.) समजा एखाद्या ठिकाणी मध्यक 165 आणि 3.7 आहे. तुमचा जीपीए 3.12 असो की 3.6, मध्यकाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, खालच्या बाजूचे. मात्र एलसॅट 164 आला तर दोन्हीकडून ओझं, आणि 166 आला तर त्यांच्या एका बाजूला तुम्ही उपयोगी. या दोन गुणांत तीन वर्षांच्या फीचा फरक पडू शकतो. एक आकडा मध्यकाच्या वर आणि दुसरा खाली, अशा मुलांना तिकडे स्प्लिटर म्हणतात.

सगळी लॉ स्कूलं स्प्लिटरला सारखी भुलत नाहीत. हार्वर्ड, येल आणि स्टॅनफर्ड गुणवत्तेची स्कॉलरशिप देतच नाहीत, तिथे फक्त घरची गरज बघतात. सेंट लुईसचं वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी उलट सढळ हातासाठी ओळखलं जातं. इतर ठिकाणी त्याच 509 च्या अहवालात जीपीएचा पंचविसावा पर्सेंटाइल पाहावा. तो मध्यकापासून जितका खाली, तितकी आपली डाळ शिजायची शक्यता जास्त.

म्हणून आमच्यापुढे 159 चं करायचं काय, हाच मुद्दा होता. एलसॅट 120 ते 180 मध्ये मोजतात, पाच वर्षांत पाच वेळा आणि आयुष्यात सात वेळा देता येते, आणि लॉ स्कूलं अहवालात सर्वात जास्त गुण दाखवतात. ऑगस्ट 2024 पासून त्यातले लॉजिक गेम्स गेले, हा इंजिनिअर मुलांवर अन्यायच म्हणायचा, तो त्यांचा हुकमी विभाग होता. आता युक्तिवाद तपासण्याचे दोन विभाग आणि वाचनाचा एक. भाचीच्या सराव परीक्षा तेव्हा 163, 164 दाखवत होत्या, आणि प्रत्यक्ष परीक्षेच्या वेळी तिला ताप होता. जागा वाढायला होती. सराव महिनोन् महिने 159 वरच अडलेला असता तर मी वेगळा सल्ला दिला असता: दुसरं पत्र घे, आणि राहायचं आहे त्याच राज्यातलं लॉ स्कूल असेल तर निवांत जा. न्यू जर्सीतच वकिली करायची असेल तर दूरच्या राज्यातल्या, रँकिंगमध्ये चार घरं वरच्या नावाचा फारसा उपयोग नाही; पदवीनंतर दहा महिन्यांनी किती जण पूर्णवेळ, बार परीक्षा (वकिलीच्या परवान्याची) लागणाऱ्या नोकरीत आहेत, तो आकडा पाहावा.

थांबण्याची किंमत मीही कमी लेखत नाही. एक वर्ष गेलं म्हणजे वकिलीच्या कमाईतलं एक वर्ष गेलं. तिला इंजिनिअरची नोकरी होती, ज्याला नाही त्याला हे जड जाईल. दुसऱ्या पारड्यात कर्ज आहे. न्यूयॉर्कच्या नामांकित खासगी लॉ स्कूलची नुसती फी वर्षाला 80 हजार डॉलरच्या घरात. 1 जुलै 2026 पासून नव्याने कर्ज काढणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद, आणि बाकीचं सरकारी कर्ज वर्षाला 50 हजार, एकूण 2 लाखांपर्यंतच. उरलेलं खासगी बँकेचं, जिथे सार्वजनिक सेवेच्या नोकरीत दहा वर्षं हप्ते भरून बाकी माफ व्हायची सोयच नाही. त्यामुळे "नाव मोठं आहे ना, फी पूर्ण भरू" हा चौथा पर्याय आम्ही दहा मिनिटांत निकालात काढला.

मुंबई-पुण्याहून थेट जेडीला, म्हणजे लॉ स्कूलच्या या पदवीला, जाणाऱ्यांचं गणित थोडं निराळं. परदेशी पदवीचा जीपीए एलसॅक काढतच नाही, फक्त सरासरी, सरासरीहून वर अशा शब्दांत शेरा देते, आणि तो मध्यकात धरला जात नाही. 58 टक्क्यांचं घरीच रूपांतर करून रडत बसू नये. पण सरकारी कर्ज मिळत नाही आणि खासगी कर्जाला बहुतेकदा तिथला जामीनदार लागतो, म्हणून त्यांच्यासाठी एलसॅट आणि स्कॉलरशिप यांना पर्याय जवळजवळ नाहीच.

भाची थांबली. ऑक्टोबरमध्ये 167 आले आणि नोव्हेंबर संपायच्या आत अर्ज गेले, कारण अर्ज येतील तसतशी निवड होत जाते आणि पैसाही संपत जातो. बंधनकारक अर्ली डिसिजन तिने मुद्दाम टाळलं, एकदा तिथेच येते म्हणून सही केली की घासाघीस कशाच्या जोरावर करणार? कॅल्क्युलसच्या सी बद्दल अर्जासोबत पाच ओळींची पुरवणी जोडली, तापाचा उल्लेखही नाही. मागच्या वर्षी चाळीस टक्के देणाऱ्या लॉ स्कूलने या वेळी पंच्याहत्तर दिले, बिनअटीचे. दुसऱ्या एका ठिकाणाहून पूर्ण फीचं पत्र आलं, तेव्हा तिने ते जोडून पंच्याहत्तर देणाऱ्याला चार ओळींची नम्र मेल केली: यायचं तुमच्याकडेच आहे, फेरविचार होईल का? नऊ दिवसांनी उत्तर आलं, नव्वद टक्के. उरलेल्या दहासाठी बहिणीला पुन्हा मेल करायची होती. भाचीने लॅपटॉप बंद केला.