शिंपला की तलवारवाली?

मुलीकडे लंडनला आलेल्या मावशींचा प्रश्न: एकच शनिवार-रविवार आहे, ऑल्डबराचा ‘स्कॅलॉप’ पाहू की इल्फ्राकूमची ‘व्हेरिटी’? इंग्लंडच्या समुद्रकाठच्या दोन गावांतली ही शिल्पं; स्कॅलॉप म्हणजे शिंपला, व्हेरिटी ही तलवारवाली. दोन्हींवरून आपापल्या गावात दोन तट. तेव्हा ‘बघायलाच हवं’ छापाची पत्रकं बाजूला ठेवा.

प्रवासात स्कॅलॉप सरळ जिंकतो. सॅक्समंडमपर्यंत रेल्वे, पुढे थोडंच अंतर. इल्फ्राकूमला रेल्वेच नाही. बार्नस्टेपलला उतरून बस.

जवळून पाहणं? मॅगी हॅम्बलिंग यांचा हा पोलादी शिंपला (2003) दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर उघडाच आहे. पोरं त्यावर चढतात. संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या ऑपेरातली ओळ कडेला आरपार कापलीय, अक्षरांतून आभाळ दिसतं. त्यावर कितीदा रंग फासला गेला, तरी तो तिथेच. डेमियन हर्स्टची व्हेरिटी (2012) वीस मीटरहून उंच, धक्क्यावर उभी. मान दुखेपर्यंत वर बघायचं. गरोदर बाई, हातात तलवार, एका बाजूची कातडी सोललेली, पोटातलं बाळ दिसतं. नातवंडांच्या प्रश्नांची तयारी ठेवा!

टिकाऊपणात एक मेख: व्हेरिटी गावाची नाहीच, वीस वर्षांच्या उसनवारीवर आलीय.

गुडघे कुरकुरत असतील, निवांत बसायचं असेल तर स्कॅलॉप. पण दगडगोट्यांवर जपून चाला. आणि घरी परतल्यावर वाद घालायला विषय हवा असेल तर व्हेरिटी. मी असते तर शिंपल्यात बसून डबा खाल्ला असता.