पक्षाच्या सावलीतील अभ्यासकेंद्रे : सीमाभागातून एक परीक्षण

खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील तरुण ग्रामपंचायत सदस्य व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यासाठी आम्ही काही मंडळी एक अभ्यासगट चालवतो. राजकीय कार्यकर्त्याचे शिक्षण नेमके कसे व्हावे, याचा विचार करताना युरोपातील मध्य-उजव्या पक्षांशी जोडलेल्या अभ्यास आणि प्रशिक्षण संस्थांचे साहित्य आमच्या वाचनात आले आणि पुढे ते नेमाने वाचले जाऊ लागले. या संस्था आपले बहुतेक लेखन कोणालाही विनामूल्य उपलब्ध करून देतात. त्यामुळे ही एक सार्वजनिक सेवा आहे असे मानूनच तिचे परीक्षण करणे योग्य ठरेल.

सर्वांत सरस ठरते ती जर्मनीतील कोनराड आडेनाउअर प्रतिष्ठान ही संस्था. ख्रिस्ती लोकशाही संघ, म्हणजे सीडीयू, या पक्षाच्या विचारपरंपरेतील या संस्थेचे काम १९५५ मध्ये राजकीय शिक्षणापासून सुरू झाले आणि १९६४ मध्ये तिला पश्चिम जर्मनीच्या पहिल्या चॅन्सेलरांचे नाव मिळाले. आज बर्लिन आणि बॉनजवळचे झांक्ट ऑगुस्टिन ही तिची दोन मुख्य केंद्रे असून नवी दिल्लीतही तिचे कार्यालय आहे. देशोदेशीच्या निवडणुकांवरील तिचे अहवाल बहुधा मोजक्या पानांचे असतात आणि निकाल लागल्यावर फार वेळ न दवडता प्रसिद्ध होतात. मात्र आम्हाला खरा लाभ झाला तो तिच्या अभिलेखागाराचा. पक्षाचे जुने कागद, पत्रव्यवहार आणि निवडणुकीची भित्तिपत्रके तेथे जपलेली आहेत, आणि त्यांपैकी भित्तिपत्रकांचा मोठा संग्रह संस्थेने विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहाच्या संकेतस्थळावर मुक्त परवान्याखाली खुला केला आहे.

त्यातील १९५७ चे एक भित्तिपत्रक आम्ही छापून अभ्यासवर्गात लावले होते. त्यावर आडेनाउअर यांचा चेहरा, त्यांचे नाव, पक्षाची अक्षरे आणि ‘प्रयोग नकोत’ एवढीच घोषणा आहे. आश्वासन एकही नाही. त्या निवडणुकीत सीडीयू आणि बव्हेरियातील त्याचा सहकारी पक्ष सीएसयू यांना मिळून ५०.२ टक्के मते पडली. केवळ घोषणेने एवढे यश मिळाले का, असा प्रश्न एका सदस्याने विचारला आणि तेथून चर्चा त्याच वर्षीच्या निवृत्तिवेतन सुधारणेकडे वळली. निवडणुकीच्या काही महिने आधी पेन्शन वेतनवाढीशी जोडले गेले होते आणि लाखो वृद्धांच्या हातात प्रत्यक्ष जास्त पैसे येऊ लागले होते. घोषणेमागे काम उभे असले तर ती किती थोडक्यात सांगता येते, हे तरुणांना एका कागदावरून उमगले. आपल्याकडील पक्ष स्वतःची भित्तिपत्रके निवडणूक संपताच रद्दीत घालतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पैशाच्या बाबतीत वाचकाने डोळे उघडे ठेवले पाहिजेत. जर्मन प्रतिष्ठानांचा जवळजवळ सगळा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. १९८६ मध्ये तेथील संघराज्य घटना न्यायालयाने ही पद्धत मान्य केली, पण प्रतिष्ठाने पक्षापासून संघटनात्मकदृष्ट्या वेगळी आणि स्वतंत्र असली पाहिजेत, या पायावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने एएफडी या अतिउजव्या पक्षाच्या याचिकेवर निकाल देताना अशा अनुदानासाठी स्वतंत्र कायदा हवा असे स्पष्ट केले आणि त्याच वर्षाअखेरीस तो कायदा झाला. सार्वजनिक पैसा, त्यावर न्यायालयाची नजर आणि संसदेचा कायदा ही साखळी मला अनुकरणीय वाटते.

ब्रुसेल्समधील विल्फ्रीड मार्टेन्स केंद्र हे युरोपियन पीपल्स पार्टीचे, म्हणजे युरोपातील मध्य-उजव्या पक्षांच्या संघाचे, अधिकृत विचारपीठ. ते २००७ मध्ये स्थापन झाले आणि बेल्जियमचे माजी पंतप्रधान मार्टेन्स यांच्या निधनानंतर त्याला त्यांचे नाव देण्यात आले. त्याचे ‘युरोपियन व्ह्यू’ हे नियतकालिक विनामूल्य वाचता येते. स्थलांतर, शेती, संरक्षण या विषयांवरचे तेथील लेख आटोपशीर आणि स्वच्छ असतात. माझी तक्रार अशी की, स्वतःच्या पक्षकुटुंबाचे कुठे चुकले हे सांगताना लेखणी आखडते. हंगेरीचा फिदेस पक्ष मार्च २०२१ मध्ये या कुटुंबातून बाहेर पडला, त्याआधीची अनेक वर्षे तो आतच होता. इतका काळ हे का चालले, याची सविस्तर आणि परखड चिकित्सा ज्याला हवी असेल, त्याने ती बाहेरच्या अभ्यासकांकडेच शोधावी.

स्पेनमधील फाएस या संस्थेचा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. पुढे स्पेनचे पंतप्रधान झालेले होसे मारिआ अस्नार यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये उभी राहिलेली ही संस्था २०१६ मध्ये त्यांच्या पॉप्युलर पक्षापासून विलग झाली आणि अस्नार यांच्याच नेतृत्वाखाली पुढे चालू राहिली. संस्था व्यक्तीभोवती उभी राहिली की पक्षाशी मतभेद होताच नाते तुटते. सीमाभागातल्या चळवळीने नेत्यांच्या मतभेदांतून झालेली फाटाफूट पुष्कळ पाहिली असल्याने आमच्या गटात या भागाचे वाचन फार गांभीर्याने झाले.

प्रशिक्षणाचा भाग आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, आणि दुरून त्याची चव घेणे सर्वांत अवघड. सीएसयूशी संलग्न हान्स झायडेल प्रतिष्ठान १९६७ पासून काम करते आणि बान्झ येथील जुन्या बेनेडिक्टाइन मठात निवासी वर्ग भरवते. बुडापेस्टमधील रॉबर्ट शुमान इन्स्टिट्यूट १९९१ मध्ये, साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतरच्या काळात, मध्य आणि पूर्व युरोपातील नव्या कार्यकर्त्यांसाठी सुरू झाली. कार्यकर्त्याचे प्रशिक्षण हे निवडणुकीपुरते शिबिर नसून कायमस्वरूपी शिक्षकवर्ग आणि इमारत असलेले काम आहे, हे या संस्थांनी करून दाखवले आहे. मराठी मुलखात भाईंदरजवळ उत्तन येथील, १९८२ मध्ये स्थापन झालेली रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी याच जातकुळीची म्हणता येईल.

कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत. त्यामुळे निवडून आलेल्या सदस्याला शिकवण्याची जबाबदारी कोणताच पक्ष उघडपणे घेत नाही, आणि जे सरकारी प्रशिक्षण मिळते त्याच्या पुस्तिका कन्नडमध्ये असतात. आमचे बहुतेक सदस्य कन्नड बोलतात आणि ते शिकलेही पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु कृती आराखडा, लेखापरीक्षण आणि पीडीओचे (पंचायत विकास अधिकाऱ्याचे) अधिकार यांची भाषा बाजारातील कन्नडहून फार वेगळी असते. खानापूरच्या पश्चिमेकडील जंगलातल्या गावची एक सदस्या ग्रामसभेचा ठराव समोर आल्यावर आधी शेजारच्या शिक्षकांकडून वाचून घेते आणि मगच सही करते. तिचा हा आग्रह मला अत्यंत मोलाचा वाटतो, आणि तिच्यासारख्यांसाठी मराठीत सोपी पुस्तिका असणे हा तिचा हक्क आहे असे मी मानतो.

ज्यांना हे साहित्य वापरायचे आहे त्यांनी आडेनाउअर प्रतिष्ठानच्या इंग्रजी अहवालांपासून आणि भित्तिपत्रकांपासून सुरुवात करावी, मार्टेन्स केंद्राचे लेख विषय निवडून वाचावेत आणि फाएसकडे स्पॅनिश येत असेल तरच वळावे. ठरावाचा मसुदा कसा करावा, सभेत विरोधी मत कसे मांडावे, अंदाजपत्रक कसे वाचावे यांवर स्थानिक प्रतिनिधींसाठी जे काही हाती लागेल, ते कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत कायद्याशी ताडून मराठीत नव्याने लिहावे लागेल. आमच्या गटाने अंदाजपत्रकाच्या प्रकरणापासून ते काम हाती घेतले आहे.