हवाई अंतराचं कॅल्क्युलेटर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दोन शहरांची नावं टाकली की हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारं एक मोफत ऑनलाइन कॅल्क्युलेटर मी गेले काही महिने सतत वापरतोय. त्याच्या अंतराच्या आकड्यावर माझा पूर्ण भरवसा बसला आहे. वेळेच्या आकड्यावर विसंबून मात्र पुढची गाडी किंवा जोडविमान ठरवू नका.

अंतर चोख येतं, कारण त्यामागे शुद्ध भूमिती आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरायची आणि दोन ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर काढायचं. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असली तरी त्यामुळे पडणारा फरक फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. नकाशावरची रेषा कमानीसारखी वाकलेली दिसते म्हणून गोंधळू नका. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर तीच वाट सरळ असल्याचं कळतं. शहराच्या नावाऐवजी विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाकलेला बरा, कारण लंडनसारख्या शहराला एकच विमानतळ नाही.

आता वेळ. हे कॅल्क्युलेटर ताशी ८०० किमी असा एकच वेग धरतं आणि चढ-उतारासाठी वर अर्धा तास मिळवतं. लंडन–न्यूयॉर्क अंतर सुमारे ५,५४० किमी, म्हणजे उत्तर येतं साधारण ७ तास २५ मिनिटं, जाताना तेच आणि येतानाही तेच. प्रत्यक्षात वेळापत्रकात न्यूयॉर्कला जाताना आठ तासांच्या आसपास लागतात, परतताना सातच्या आसपास. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम एका दिशेला ढकलतो, दुसऱ्या दिशेला अडवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं होतं! हिवाळ्यात हा प्रवाह जास्त जोरात असतो, तेव्हा फरकही वाढतो.

दुसरी अडचण हवाई हद्दीची. हेलसिंकी–टोकियो अंतर जवळपास ७,८०० किमी. कॅल्क्युलेटर सव्वादहा तास सांगतं. २०२२ पासून रशियाची हद्द टाळावी लागत असल्याने फिनलंडच्या विमानांना त्यासाठी १३ तासांच्या घरात वेळ लागतो. जवळची वाट कोणती ते भूमिती सांगते, ती मोकळी आहे का ते नाही.

लहान अंतरांवर तर वेळेच्या आकड्याचा उपयोग आणखी कमी. विमान कंपन्या जी वेळ छापतात ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतची चाल, रांग, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या आणि थोडी राखीव मिनिटंही धरलेली असतात. पाचशे किलोमीटरच्या उड्डाणात यांचाच वाटा मोठा होतो.

मी आता अंतर इथून घेतो आणि वेळ थेट वेळापत्रकातून. वेळापत्रकातल्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, तेव्हा नुसती वजाबाकी न करता ‘एकूण कालावधी’ बघायचा. टोकियोहून लॉस एंजेलिसला जाणारं विमान तारीखरेषा ओलांडून घड्याळानुसार निघण्याआधीच पोहोचतं, तिथे वजाबाकी उणे येते.

बनवणाऱ्यांना एकच विनंती आहे: जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा दाखवा. सरासरी वाऱ्याचा अंदाज धरला तरी लांबच्या मार्गांवर हे साधन कितीतरी उपयोगी होईल.